लाल चोचीचा क्वेलिया खान्देशात येऊ शकतो का?

तापीथडी (चोपडा)

नमस्कार. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या मोबाइल गटांवर सध्या एक व्हिडिओ फिरत आहे. त्यात ज्वारीसारख्या दिसणाऱ्या उभ्या पिकावर लहान पाखरांचा एवढा मोठा थवा उतरताना दिसतो की मागचे आभाळ झाकले जाते. खाली असा मजकूर आहे की हे आफ्रिकेतले क्वेलिया नावाचे पाखरू असून ते आता तापीच्या खोऱ्यात पोहोचले आहे आणि यंदा दादर (आमच्याकडची रब्बी ज्वारी) कोणाच्याही हाती लागणार नाही. दादर सध्या चिकात, म्हणजे दाणे दुधाळ असण्याच्या अवस्थेत आहे, त्यामुळे अनेकांनी हा मजकूर खरा मानला आहे, आणि काही जण तर पाखरांवर कोणते औषध चालते याची चौकशी करू लागले आहेत.

माझ्या वाचनात हे पाखरू सुगरणीच्या कुळातले आहे एवढेच आले होते. जाणकारांनी कृपया सांगावे की हा पक्षी नेमका कसा असतो, तो राहतो कसा, खातो काय, आणि इतक्या दूरवरून तो आपल्याकडे येण्याची काही शक्यता आहे का. ज्या देशांत तो खरोखर पिकावर पडतो तिथले शेतकरी काय करतात, हेही कळले तर गटात नीट उत्तर देता येईल.

हतनूर निरीक्षक (भुसावळ)

दादा, आधी मुख्य प्रश्नाचे उत्तर देतो: क्वेलिया खान्देशात आलेला नाही आणि तो स्वतःहून येईल असे मानायला काही आधार नाही. तो सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत राहतो, तिथली घनदाट पर्जन्यवने टाळतो आणि सेनेगलपासून सुदान, इथिओपियापर्यंत व तिथून खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या गवताळ, काटेरी झाडांच्या मुलखात फिरत असतो. त्याची फिरस्ती मोठी असली तरी ती त्या खंडाच्या आतच होते, समुद्र ओलांडून नव्हे.

गंमत अशी की ही अफवा अडीचशे वर्षांहून जुनी आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७५८ साली या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्याचे मूळ स्थान भारत असल्याचे त्याने लिहून ठेवले होते. पूर्वेकडून युरोपात परतणारी जहाजे वाटेत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर थांबत आणि तिथे पक्षीही घेत, त्यातून हा घोटाळा झाला असावा असे मानले जाते. पुढे ते स्थान सेनेगल असे दुरुस्त करण्यात आले.

आता ओळख. पक्षी सुमारे १२ सेंटिमीटर लांबीचा, म्हणजे आपल्या चिमणीपेक्षाही लहान, आणि वजनाने साधारण १५ ते २६ ग्रॅम असतो. विणीचा हंगाम नसताना नर आणि मादी दोघेही मातकट, रेघारेघांचे आणि अगदी सामान्य दिसतात. फक्त जाड, लाल चोच उठून दिसते. हंगामात मात्र नराच्या चेहऱ्यावर बहुधा काळा आणि काही नरांत पांढुरका मुखवटा येतो, त्याच्याभोवती डोके व छाती गुलाबी, तांबूस किंवा पिवळसर होते, आणि मादीची लाल चोच या काळात पिवळी पडते. नरांच्या या रंगांत इतकी विविधता का, हा प्रश्न अभ्यासकांना बरीच वर्षे पडलेला होता. पुष्कळ पक्ष्यांत भडक रंग हे नराच्या ताकदीचे लक्षण असते, पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्वेलियाच्या बाबतीत रंगाचा आणि नराच्या प्रकृतीचा असा काही मेळ आढळला नाही. हजारो घरटी एकमेकांना लागून असलेल्या वसाहतीत शेजाऱ्याने शेजाऱ्याला ओळखावे यासाठी हे वेगवेगळे चेहरे उपयोगी पडत असावेत, असे त्यावरून सुचवले गेले. मला हे स्पष्टीकरण पटते.

व्हिडिओत थवा जेवढा प्रचंड दिसतो त्यात मात्र फार अतिशयोक्ती नसावी. विणीनंतर या पक्ष्याची एकूण संख्या सुमारे दीड अब्जापर्यंत जाते असा अंदाज वारंवार दिला जातो, आणि माणसाने न पाळलेल्या पक्ष्यांत जगात सर्वाधिक संख्या याचीच असावी असे मानतात.

अनेरकाठ (शिरपूर)

हतनूर निरीक्षकांनी ओळख चांगली दिली आहे. मी त्याच्या फिरस्तीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तो आपल्याकडे का येत नाही याचे खरे उत्तर त्यातच आहे असे मला वाटते.

क्वेलियाचे मुख्य अन्न म्हणजे रानगवताचे बी. हंगामी गवते पावसाळ्यात वाढतात, त्यांचे बी जमिनीवर सांडते, आणि कोरड्या दिवसांत हे पक्षी ते बी वेचून जगतात. आपल्याला वाटेल की पाऊस पडला की पाखरांची चंगळ होत असेल. क्वेलियाच्या बाबतीत नेमके उलट होते. पहिल्या जोरदार पावसाबरोबर जमिनीवर शिल्लक राहिलेले बी एकाच वेळी रुजते आणि सगळीकडे हिरवेगार होत असतानाच या पाखरांचे अन्न मात्र काही दिवसांत संपून जाते. नवे बी तयार व्हायला सहा ते आठ आठवडे तरी लागतात, आणि वीस ग्रॅमचा पक्षी तेवढा काळ उपाशी राहू शकत नाही.

यावर तो जो मार्ग काढतो तो विलक्षण आहे. पाऊस सुरू होण्याच्या सुमारास तो अंगावर चरबी साठवतो आणि मग पुढे सरकत येणाऱ्या पावसाच्या पट्ट्यावरून उडून, जिथे पाऊस आधीच सुरू होऊन गवताला नवे बी धरले आहे अशा मुलखात जाऊन उतरतो. चाड सरोवराच्या परिसरात पाऊस दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो, म्हणून तिथले थवे त्या वेळी दक्षिणेकडे जातात आणि नंतर बी पिकत जाईल तसतसे पावसाच्या मागोमाग पुन्हा उत्तरेकडे येतात. हे गणित पीटर वॉर्ड या अभ्यासकाने १९७१ साली मांडले आणि आफ्रिकेच्या इतर भागांतही पावसाच्या दिशेप्रमाणे या पक्ष्यांच्या वाटा बदलतात हे दाखवले. परतीच्या या प्रवासात ते विणीसाठी थांबतात, आणि एका ठिकाणची पिल्ले उडती झाली की काही पक्षी पुढच्या ठिकाणी, जिथे आता गवत योग्य अवस्थेत आले आहे तिथे, त्याच हंगामात पुन्हा घरटी करतात.

म्हणजे हा पक्षी ठरलेल्या तारखेला ठरलेल्या गावी येणारा पाहुणा नाही. त्याचा सगळा जन्म पाऊस आणि गवत यांच्यातल्या त्या सहा-आठ आठवड्यांच्या अंतराशी बांधलेला आहे. अरबी समुद्रावर गवत नाही आणि समुद्राच्या पलीकडे गवत आहे हे त्याच्या पिढ्यांना कधी कळण्याचे कारण नाही.

व्हिडिओतल्या दृश्याविषयी एक खुलासा करतो. मोठा थवा जमिनीवर चरत असताना मागच्या बाजूचे पक्षी सतत उठून पुढच्यांच्या डोक्यावरून उडतात आणि सर्वांत पुढे जाऊन बसतात, कारण मागे बी संपलेले असते आणि पुढे ते शिल्लक असते. त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला सगळा थवा एखाद्या प्रचंड चाकाप्रमाणे शेतावरून घरंगळत पुढे चालल्याचा भास होतो. व्हिडिओत अशी हालचाल दिसत असेल तर तो बहुधा खरोखर क्वेलियाचाच असेल, फक्त तापीच्या खोऱ्यातला नसेल.

पांझरातीर (धुळे)

मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या गावाकडे विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकलेले असतात आणि मुलांना ते ठाऊक असतात. क्वेलिया त्याच कुळातला असेल तर त्याचे घरटेही तसेच लांब नळीचे असते का? आणि सुगरण नर जसा एकामागून एक अर्धवट खोपे बांधून अनेक माद्यांशी संसार थाटतो, तसे यांच्यातही असते का? उत्तर मिळाल्यास वर्गात सांगता येईल.

हतनूर निरीक्षक (भुसावळ)

ताई, कूळ एकच असले तरी दोघांच्या संसारात बराच फरक आहे. आपल्या सुगरणीच्या नराचे बहुपत्नीत्व सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला खोप्यांचे बारकाईने निरीक्षण करून उलगडले. नर अर्धा खोपा बांधतो, मादी येऊन पाहते, पसंत पडला तर तो पूर्ण होतो, आणि मादी अंड्यांवर बसली की नर दुसऱ्या खोप्याला लागतो. क्वेलियात मात्र एका हंगामातल्या एका विणीपुरते तरी एक नर आणि एक मादी अशीच जोडी असते.

घरटेही साधे असते. सुगरणीसारखी खाली लोंबणारी नळी त्याला नसते. ओल्या गवताच्या पट्ट्यांनी विणलेला, वरच्या बाजूला कडेने तोंड असलेला छोटा अंडाकृती गोळा एवढेच त्याचे रूप. नर आधी फांद्यांच्या बेचक्यात गवताचे एक कडे विणतो, त्यातच उभा राहून चोच पोहोचेल तितक्या अंतरावर भिंत विणत जातो आणि दोन-तीन दिवसांत घरटे राहण्याजोगे करतो. अंडी बहुधा तीन, फिकट निळसर. ती सुमारे दहा-बारा दिवसांत उबतात. दिवसा नर-मादी आळीपाळीने बसतात आणि रात्री मादी बसते. पिल्लांना पहिले काही दिवस किडे भरवले जातात, मग बियांवर आणले जाते, आणि दोन आठवड्यांच्या आत ती घरट्याबाहेर पडतात. घरटे बांधायला घेतल्यापासून पिल्ले स्वतंत्र होईपर्यंतचा सगळा व्यवहार पाच-सहा आठवड्यांत आटोपतो, कारण किडे आणि कच्चे बी मुबलक असण्याचा काळही साधारण तेवढाच असतो. सुगरणीचा निवांतपणा त्याला परवडणारा नाही.

मुलांना एक गोष्ट जरूर सांगा: क्वेलियाची वसाहत ज्या काटेरी झाडांवर बसते ती आपल्या बाभळीची आणि खैराची जवळची नातलग झाडे आहेत. एकेका झाडावर शेकडो घरटी असू शकतात आणि अशी झाडे कित्येक हेक्टरांवर पसरलेली असतात. सगळ्या वसाहतीत अंडी जवळपास एकाच वेळी घातली जातात, त्यामुळे पिल्लेही एकदमच बाहेर येतात. गरुड, ससाणे, मोठे करकोचे, साप असे सगळे तिथे जमतात, पण एकाच वेळी लाखो पिल्ले असल्यामुळे खाणाऱ्यांची पोटे भरूनही बहुतेक पिल्ले वाचतात.

माजी कृषिसेवक (पारोळा)

पक्षीमित्रांनी पक्ष्याची बाजू सांगितली, मी शेतकऱ्याची सांगतो. एक क्वेलिया दिवसाला साधारण दहा ग्रॅम दाणे खातो असा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे. हे ऐकायला फार नाही, पण वीस लाख पाखरांचा थवा असेल तर एका दिवसात २० टन धान्य होते. ज्वारी, बाजरी, गहू, भात ही सगळी पिके त्याला चालतात. राष्ट्रीय उत्पादनाच्या हिशेबात हे नुकसान लहान दिसते, पण ज्याच्या शेतावर थवा उतरतो त्याचे पीक जवळजवळ सगळेच जाते, आणि असा शेतकरी बहुधा दोन-चार एकरांचा धनी असतो. सरासरीचे आकडे वाचून या प्रश्नाला किरकोळ ठरवणाऱ्यांशी माझे कधीच पटलेले नाही.

तिथल्या सरकारांनी हे पाखरू मारण्याचे पुष्कळ प्रयत्न केले. लाखो पाखरे रात्री ज्या लव्हाळ्यांत किंवा झाडांत बसतात तिथे सुरुंग उडवून पाहिले, आगीचे झोत सोडून पाहिले, आणि मुख्यतः संध्याकाळी विमानातून फेन्थिऑन हे कीटकनाशक फवारले. अलीकडे, जानेवारी २०२३ मध्ये, केनियातल्या किसुमू भागात भातावर पडलेल्या सुमारे ६० लाख क्वेलियांना मारण्याची मोहीम हाती घेतली गेली, तेव्हा त्याची जगभर चर्चा झाली. या फवारण्यांनी त्या त्या ठिकाणचे पीक कधी कधी वाचते, हे नाकारता येणार नाही. परंतु अनेक दशकांच्या फवारणीनंतरही खंडभरातली त्यांची संख्या घटलेली नाही, कारण जो पक्षी एका हंगामात जागा बदलून पुन्हा पुन्हा वीण करतो आणि ज्याच्या बहुतेक वसाहती माणसाच्या आटोक्याबाहेर असतात, त्याच्यातले काही लाख मारून जी जागा रिकामी होते ती लगेच भरून निघते. दरम्यान मेलेली आणि मरणासन्न पाखरे खाऊन घुबडे, ससाणे व गरुड मरतात, पाण्यात विष उतरते, आणि लोक ही पाखरे खातात म्हणून त्यांनाही धोका पोहोचतो. टांझानियातल्या कोंडोआ भागात आणि चाडमध्ये क्वेलिया जाळ्यात पकडून खाण्याची जुनी रीत आहे. माझ्या मते विषापेक्षा ती रीत अधिक शहाणपणाची आहे.

प्रत्यक्ष शेतावर तिथला शेतकरी जे करतो ते आपल्याला अजिबात परके वाटणार नाही. बायका आणि मुले पहाटेपासून राखणीला बसतात, डबे वाजवतात, गोफणीने मातीचे गोळे मारतात. शेतात रानगवत माजू देत नाहीत, कारण पाखरे आधी त्या गवताच्या बियांसाठी उतरतात आणि मग कणसांकडे वळतात. गावाने एकाच सुमारास पेरणी करायची आणि पीक तयार होताच काढून घ्यायचे, असा प्रयत्न असतो, म्हणजे नुकसान एकाच शेतावर साचत नाही. कडवट, तुरट दाण्याच्या ज्वारीच्या जाती पाखरे टाळतात, पण त्या जातींची भाकरी माणसालाही रुचत नाही, त्यामुळे हा उपाय बियाणेवाल्यांना जितका आवडतो तितका घरच्यांना आवडत नाही.

गटातल्या मंडळींना माझ्याकडून एवढे निक्षून सांगावे की पिकावर किंवा पाखरांवर कोणतेही औषध फवारू नये. चिकातल्या कणसांवर पडलेले विष हुरड्यातून आणि कडब्यातून आपल्याच घरात येते, आणि वन्य पक्ष्यांना विष घालणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा ठरू शकतो.

तापीथडी (चोपडा)

सर्वांचे मनापासून आभार. कृषिसेवक आप्पा, औषध न फवारण्याचा तुमचा निरोप गटात जसाच्या तसा टाकला आहे. एक शंका उरते. व्हिडिओ बाहेरचा आहे हे पटले, पण आमच्या शिवारात दादरवर सकाळ-संध्याकाळ मोठे थवे पडतात हेही खोटे नाही, आणि त्यामुळेच लोकांचा त्या मजकुरावर विश्वास बसला. मग हे पक्षी कोणते?

अनेरकाठ (शिरपूर)

वर्णनावरून आपण पाहिलेले मोठे थवे बहुतेक भोरड्यांचे असावेत. भोरडी ही मैनेच्या कुळातली आहे, क्वेलियाच्या जवळपास दुप्पट लांबीची, डोके, मान व पंख काळे, अंग गुलाबी आणि डोक्यावर तुरा. तिची कोवळी पिल्ले मात्र मातकट दिसतात, त्यामुळे घोटाळा होऊ शकतो. ती मध्य आशियात वीण करते, पावसाळ्याच्या शेवटी आपल्याकडे येते, हिवाळाभर ज्वारीवर राहते, पळस आणि काटेसावर फुलली की त्यांच्या मधावर जमते आणि एप्रिलच्या सुमारास परत जाते. म्हणजे दूर देशातून ज्वारीवर येणारे पाखरू खान्देशात आहे ही गोष्ट खरीच आहे, फक्त ते उत्तरेकडून येते आणि फार पूर्वीपासून येते. ते टोळ आणि नाकतोडेही मोठ्या प्रमाणात खाते, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे.

कणसावर बसून दाणे टिपणारी लहान पाखरे दिसत असतील तर त्या चिमण्या, मुनिया किंवा सुगरणीच असतील. विणीच्या काळातल्या लाल मुनियेची चोच लाल असते, म्हणून कोणी तिचे छायाचित्र क्वेलिया म्हणून पाठवण्याची शक्यता आहे. तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात आणि क्वेलियाच्या अंगावर ते नसतात, एवढे पाहिले तरी पुरे.

क्वेलिया आपल्याकडे आला नाही, पण तो ज्यावर जगतो ती पिके मात्र आली. ज्वारी पहिल्यांदा पूर्व सुदानच्या परिसरात आणि बाजरी पश्चिम आफ्रिकेत सहाराच्या कडेला माणसाने लागवडीखाली आणली, आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ही धान्ये भारतात पोहोचली. दादर पिकवणाऱ्या आपल्या पूर्वजांना क्वेलियाची गाठ न पडता त्याचे धान्य मिळाले, हा सौदा वाईट म्हणता येणार नाही.

माजी कृषिसेवक (पारोळा)

अनेरकाठ यांच्या म्हणण्याला एक पुस्ती जोडतो. पूर्वी सगळे शिवार दादरीचे असे, तेव्हा पाखरांनी खाल्लेला वाटा शंभर शेतांत विभागला जाई. आता कपाशी, केळी आणि मक्याच्या मध्ये दादरीची चार-दोनच शेते उरल्यामुळे तेवढीच पाखरे त्या चार शेतांवर पडतात, आणि राखणीला माणूस मिळत नाही. पाखरे वाढली असे वाटण्याचे हे एक साधे कारण आहे. शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून पेरणी लागून-लागून केली, कडेने चमकी पट्ट्या बांधल्या आणि दाणे भरायच्या पंधरा-वीस दिवसांत पहाटेची व संध्याकाळची राखण पाळीपाळीने वाटून घेतली तर बराच फरक पडतो. पट्ट्यांची जागा मात्र अधूनमधून बदलावी, पाखरे त्यांना लवकर सरावतात.

पांझरातीर (धुळे)

शेवटचा प्रश्न वर्गातल्या एका मुलाचा आहे: क्वेलिया मका खातो का?

हतनूर निरीक्षक (भुसावळ)

पक्का मका खात नाही, ताई. त्याची चोच गवताचे बी आणि ज्वारीएवढे दाणे फोडण्यासाठी आहे, आणि मक्याचा दाणा तिच्यासाठी फार मोठा पडतो. म्हणूनच क्वेलियाचा उपद्रव असलेल्या भागांतही मक्याचे पीक त्याच्यापासून बहुतांशी सुरक्षित राहते. आपल्याकडे मक्याची कणसे फोडताना दिसतात ते पोपट, आणि त्यांचा क्वेलियाशी काही संबंध नाही.